काही न होऊ देणारा माणूस

कुठेही आत शिरले की ते आधी बाहेर पडायची वाट शोधायचे. लग्नाचा हॉल असो, नवा मॉल असो, कुणाच्या घरचं बारसं असो. उंबऱ्यातच थांबून मान डावीकडून उजवीकडे फिरवायचे आणि यजमानाला विचारायचे, "दुसरा दरवाजा कुठाय?" यजमान सरबताचा ग्लास हातात धरून उभा. वन रूम किचनमध्ये दुसरा दरवाजा कुठून आणणार? मग हे समजूतदारपणे म्हणायचे, "बरं, असू द्या. मी दाराजवळच बसतो."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. नसेल, तर त्याने आपलं काम इतकं चोख केलंय की तो तुम्हाला दिसलाच नाही.

हे डोंबिवली एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर होते. मी तिथेच खरेदी विभागात. समोर सगळे त्यांना 'सर' म्हणायचे आणि पाठीमागे 'खतरा'. "खतरा राउंडला आलाय," असा निरोप प्लांटमध्ये त्यांच्या पावलांच्या आधी पोचायचा. मग कानावर अडकवलेले मास्क पटापट नाकावर चढायचे आणि ते पुढे गेले की पुन्हा कानावर उतरायचे. सरांना हे माहीत होतं. ते मुद्दाम अर्ध्या वाटेवरून परत फिरायचे.

त्यांच्या नोकरीचा एक मोठाच घोटाळा होता. सेल्सवाल्याने ऑर्डर आणली की पेढे. प्रॉडक्शनवाल्याने टार्गेट गाठलं की फोटो. ह्यांचं काम चांगलं झालं म्हणजे काय? तर काहीच झालं नाही. आग लागली नाही, गॅस गळला नाही, कुणी गेलं नाही. न लागलेल्या आगीचा सत्कार कसा करणार? वार्षिक समारंभात त्यांचं नाव कधी पुकारलं गेलं नाही, आणि मॅनेजमेंटच्या मनात दरवर्षी एकच विचार यायचा: इतकी वर्षं काही झालेलं नाही, मग ह्या माणसाची गरजच काय?

मॉक ड्रिलचा भोंगा वाजला की लोक चहाचा कप घेऊन मैदानात यायचे. हे हातात घड्याळ घेऊन उभे. "तुम्ही सगळे मेलेले आहात," ते शांतपणे सांगायचे. "आता चहा संपवा आणि कामाला लागा."

पण एका गोष्टीवर ते कधीच विनोद करायचे नाहीत. ती म्हणजे वास. आपल्याकडे एमआयडीसीत संध्याकाळी कसला ना कसला वास येतोच, आणि डोंबिवलीकराचं नाक ह्या बाबतीत सोशिक. नव्या कामगारांना समोर बसवून ते सांगायचे, "सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरा. पण तो वास अचानक गेला तर जास्त घाबरा. वास गेला म्हणजे गॅस गेला असं नाही. नाक गेलं. गॅस तिथेच आहे." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

राहायला मोहन्याला. वडील तिथल्याच जुन्या कारखान्यात कामाला होते, हे कारखान्याच्या चाळीतच लहानाचे मोठे झाले आणि नंतर त्याच भागात छोटा फ्लॅट घेतला. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघायची तेव्हा सगळी वस्ती नाचत असायची आणि हे डीजेच्या जनरेटरपाशी उभे राहून पोरांना लांब सारत असायचे. "ह्यांनी आयुष्यात कधी मिरवणूक बघितली नाही," त्यांची बायको मला एकदा म्हणाली. "वायरी बघितल्या."

आता असा माणूस बर्फाच्या ज्वालामुखीवर चढायला का जाईल?

त्याचं कारण मंदार. मंदार म्हणजे टेंभी नाक्याजवळच्या एका जिमचा मालक आणि आमच्या ट्रेकिंग ग्रुपचा लीडर. एकेकाळी गोविंदा पथकात वरच्या थराला होता आणि ते त्याच्या बोलण्यात पहिल्या पाच मिनिटांत यायचंच. सह्याद्रीत आम्ही बरेच फिरलो होतो. मंदारला आता 'इंटरनॅशनल' काहीतरी हवं होतं. इराणमधला दमावंद त्याने शोधून काढला. साडेपाच हजार मीटरच्या वरचा, माथ्यावर बर्फ आणि त्या बर्फातून गंधकाची वाफ सोडणारा, झोपलेला पण न मेलेला ज्वालामुखी. मंदारच्या मते सोपा. व्हिसा सोपा होता, म्हणून डोंगरही सोपा.

मी हे जेवणाच्या सुट्टीत सरांना सहज सांगितलं. डबा खाताखाता ते थांबले.

"गंधक?" त्यांनी विचारलं.

"हो. माथ्याजवळ वाफा येतात म्हणे."

"मग वाऱ्याची दिशा कोण बघणार?"

"मंदार बघेल ना."

सरांनी डबा बंद केला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "म्हात्रे मॅडम, मी पण येतो." मला वाटलं, आमची काळजी. तसंच त्यांनी सांगितलंही. खरं कारण मला पुढे, डोंगरावर गेल्यावर कळलं.

घरी मी बातमी सांगितली तेव्हा आमची आई, खाडीवर आयुष्य काढलेली बाई, सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बर्फान जाऊन काय करशील गो? आपले फ्रीजमधी हाय की." त्यापुढे चर्चा संपली.

सरांनी आमची तयारी हातात घेतली आणि आमचं जगणं हराम केलं. माजिवड्याला आमची बिल्डिंग उंच आहे. तिच्या जिन्यावर पाठीला तांदळाची गोणी बांधून आम्ही चढायचो आणि हे खाली खुर्चीवर बसून प्रत्येकाची नाडी बघायचे. लिफ्टमधून जाणारे शेजारी आम्हाला विचारायचे, "लिफ्ट बंद आहे का?" एकदा लोक आमची कीव करून पाणीही देऊन गेले.

मग क्लबहाउसमध्ये वर्ग. सोसायटीच्या कॅरम बोर्डावर भांडं पालथं घालून त्यांनी डोंगर केला. वर हवा विरळ, म्हणून दिवसा थोडं जास्त चढायचं आणि झोपायला खाली यायचं. डोकं दुखलं तर लपवायचं नाही. बर्फावर काळा चष्मा काढला तर डोळे भाजतात आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं. दुपार व्हायच्या आत माथा आला नाही तर तिथूनच मागे, कारण ढग दुपारी येतात आणि ढगात वाट दिसत नाही. बुटाला खिळे बांधलेले असताना बर्फावर घसरगुंडी खेळायची नाही, घोटा मोडतो. खळग्यात बसायचं नाही. जड गॅस खाली खळग्यात साठतो आणि तिथे वारा नसतो, जमीन गरम असते, बसावंसं वाटतं. "जी जागा फार आरामाची वाटेल तिथून उठा," ते म्हणाले.

मंदार मोबाइलवर बॅनरचं डिझाइन बघत होता. "सर, आपण थर लावलेत. उंचीची भीती नाही आपल्याला."

"तुम्हाला उंचीची नाही हो," सर म्हणाले. "पण उंचीला तुमची कुठे आहे?"

शेवटी त्यांनी जोड्या लावल्या. "वर माणसाचं डोकं आधी जातं. आणि डोकं गेलेल्याला डोकं गेल्याचं कळत नाही. म्हणून वर गेल्यावर स्वतःचा निर्णय स्वतः घ्यायचा नाही. जोडीदार म्हणाला फिर, की फिरायचं. वाद नाही." मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझं डोकं म्हात्रे मॅडमकडे. त्यांचं माझ्याकडे." शंका आली तर परीक्षाही ठरवून दिली. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची स्टेशनं ओळीने म्हणायची. चुकला की खाली. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण. आमच्यापैकी कुणालाही ही परीक्षा अवघड वाटली नाही. मंदार तर हसून लोळला.

जूनमध्ये आम्ही गेलो. सर, मी, मंदार आणि त्याच्या जिममधले तिघे. तेहरानच्या विमानतळावर उतरल्यावर सरांनी दुसरा दरवाजा बघून घेतला आणि मग ते पूर्ण प्रवासात खुशीत होते. डोंगराच्या पायथ्याशी एक छोटी मशीद आहे, तिथून सामान खेचरांवर जातं. आमचा वाटाड्या रेझा, दाढीवाला, कमी बोलणारा; जोडीला आणखी एक वाटाड्या होता. हिंदुस्थानी लोकांना नेऊन नेऊन त्याला 'चलो', 'बस' आणि 'चाय' हे तीन शब्द येत होते आणि डोंगरावर तेवढ्यात भागतं. सामानात सरांचा कारखान्यातला मास्क निघाला, रबरी, दोन्ही बाजूंना डबे असलेला. जिमवाल्यांनी त्याच्याबरोबर सेल्फी काढले. रेझाने तो हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि सरांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून रेझा आणि सर एकाच बाजूचे झाले.

पहिले दिवस सरांच्या हुकुमाप्रमाणे गेले. वर जायचं, खाली येऊन झोपायचं. चार हजार मीटरवरच्या दगडी निवाऱ्यात आम्ही राहिलो. मंदारचं डोकं दुखत होतं, हे सरांना त्याच्या चहा पिण्याच्या पद्धतीवरून कळलं, आणि त्यांनी सगळ्यांचा एक दिवस थांबवला. मंदार चिडला. "एक दिवस फुकट!" तो म्हणाला. बॅनरवर तारीख छापून झाली होती.

माथ्याच्या दिवशी पहाटे निघालो. आकाश स्वच्छ, बर्फ कडक, बुटाखालचे खिळे कचाकचा रुतत होते. सकाळ चढली तसा एक अख्खा गोठलेला धबधबा बाजूला दिसला. निळा, हलायचा थांबलेला. सर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. वायरी नसलेली गोष्ट त्यांना इतका वेळ बघताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग वास आला. डोंबिवलीकराला तो ओळखायला वेळ लागत नाही. मंदार मागून ओरडला, "घरी आल्यासारखं वाटतंय!" पुढे दगड पिवळे झाले होते आणि बर्फातून पांढऱ्या वाफा निघत होत्या. रेझाने गळ्यातलं फडकं नाकावर घेतलं आणि वाऱ्याच्या बाजूने, लांबून नेणारी वाट धरली. सरांनी मास्क चढवला. तो चढवल्यावर त्यांना श्वास घेणं जड जात होतं, पावलागणिक थांबत होते. माथा समोर दिसत होता. खरंच समोर. टेंभी नाक्यावरून तलावपाळी दिसावी इतका.

वारा मध्येच फिरला आणि वाफ आमच्या अंगावर आली. आम्ही सगळे खोकत बाजूला सरकलो. मी वळून बघितलं तर सर जागच्या जागी उभे. मास्क काढून हातात धरलेला. एका हातात मोजा नव्हता.

"सर, मास्क!" मी ओरडले.

ते माझ्याकडे बघून हसले. इतकं मोकळं हसताना मी त्यांना कारखान्यात कधी पाहिलं नव्हतं.

"वास गेला," ते म्हणाले. "आता काही नाही. चला."

वाफ त्यांच्या गुडघ्याशी होती.

इतकी वर्षं ज्या माणसाने दुनियेला एकच गोष्ट सांगितली, तो त्याच्या नेमकं उलटं बोलत होता, आणि खुशीत बोलत होता. मी पोचेपर्यंत ते वाट सोडून बाजूला निघाले. तिथे एक खळगा होता. बर्फ वितळलेला, आत काळी ओली माती, कडेला पिवळी साय. वारा नाही. "इथे गरम आहे," ते म्हणाले. "जरा बसू या मॅडम. इथे बरंय." आणि ते खाली वाकले.

मी त्यांची पाठपिशवी धरली. रेझाने दुसऱ्या बाजूने धरलं. आम्ही दोघांनी त्या सेफ्टी ऑफिसरला खळग्याच्या काठावरून पोत्यासारखं ओढून उघड्या वाऱ्यात आणलं. मोजा शोधून हातात घातला. बोटं पांढरी पडली होती, ती मी माझ्या काखेत धरली.

"सर, स्टेशनं म्हणा."

"काय?"

"ठाण्यापासून. म्हणा."

त्यांनी डोळे बारीक केले. शाळेतल्या मुलासारखे सरळ उभे राहायचा प्रयत्न केला. "ठाणे," ते म्हणाले. "कळवा." मग नुसते ओठ हलत होते. "मोहने."

मधलं सगळं गाळून माणूस थेट घरी पोचला होता.

"सर, आपण खाली जातोय."

त्यावर जे झालं ते मी कारखान्यात कुणाला सांगितलं तर विश्वास बसला नसता. सर माझ्यावर ओरडले. "तुम्ही कोण मला सांगणाऱ्या? खरेदी विभाग! तुम्हाला सेफ्टीतलं काय कळतं?" मग आवाज एकदम खाली आला. त्यांनी माझी बाही धरली. "मॅडम, जाऊ द्या ना. हा काय माथा. माझं आयुष्यात काही झालं नाही हो. काही होऊ दिलंच नाही मी. एकदा तरी काहीतरी होऊ द्या."

मी बाही सोडवून घेतली नाही, तसंच त्यांना उताराच्या बाजूला वळवलं.

एव्हाना पुढे निघून गेलेला मंदार वरून परत आला होता. "अरे काय मॅडम, अर्धा तास राहिलाय! आपण दोन्ही बाजूंनी धरून नेऊ ना सरांना. मी थर लावलेत, आरामात नेऊ. फोटोत सहाच्या सहा पाहिजेत."

"आणि उतरवणार कोण?" मी विचारलं.

"उतरणं काय, उतार तर आहे."

रेझाला मराठी कळत नव्हतं, पण मंदारचा चेहरा कळला असावा. त्याने सरांकडे बोट दाखवलं, मग खाली दाखवलं आणि हिंदीतला त्याचा एक शब्द वापरला. "बस." दुसरा वाटाड्या मंदारच्या लोकांना घेऊन वर गेला. रेझा, सर आणि मी खाली निघालो. माझा माथाही तिथेच राहिला, आणि मी काही फार थोर मनाने खाली उतरले असं समजू नका. पहिला तासभर मी मनातल्या मनात सरांना, मंदारला, दमावंदला आणि त्या सोप्या व्हिसालाही यथेच्छ शिव्या देत होते.

उतार भयंकर होता. सरांचे पाय एकमेकांत अडकत होते. रेझाने त्यांना दोराने स्वतःला बांधलं. मी त्यांच्या पुढे, प्रत्येक पाऊल कुठे टाकायचं ते काठीने दाखवत. एकदा ते बसले आणि घसरत जाऊ म्हणाले. मी त्यांचंच वाक्य त्यांना ऐकवलं, घोटा मोडतो. "कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "आमच्या सेफ्टी ऑफिसरने," मी म्हटलं. "शहाणा माणूस दिसतोय," ते म्हणाले आणि उठले.

धबधबा मागे गेला तसे पाय जरा सरळ पडायला लागले. दगडांची वाट सुरू झाल्यावर त्यांनी स्वतःहून पाणी मागितलं. निवारा दिसायला लागल्यावर त्यांनी मागे वळून आकाश बघितलं आणि म्हणाले, "ढग येतायत. वरचे लोक निघाले असतील ना?" तेव्हा मी वाटेच्या कडेला बसले आणि रडले. दमले होते, दुसरं काही नाही.

सर माझ्याशेजारी बसले. माझा हात हातात घेऊन नाडी मोजायला लागले.

"आता कसं वाटतंय तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला?"

"घाबरू नका. आता आपण बरेच खाली आलोय. चक्कर जाईल हळूहळू."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. थट्टा करत असतील असं वाटलं. पण सर थट्टा करताना त्यांची डावी भुवई वर जायची, ती गेली नव्हती.

"सर, त्रास तुम्हाला झाला होता. तुम्ही मास्क काढलात. तुम्ही खळग्यात बसत होतात."

सर हसले. नव्या कामगाराशी बोलताना ते असंच, फार सोशिकपणे हसायचे. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "डोकं गेलेल्याला डोकं गेल्याचं कळत नाही, मॅडम. मी सांगितलं होतं ना?"

मी रेझाकडे बघितलं. त्याने खांदे उडवले आणि म्हणाला, "चाय."

मंदार आणि मंडळी माथा गाठून ढगांत अडकून, एकाचा चष्मा हरवून, डोळे सुजवून, कशीबशी संध्याकाळी परतली. जिवंत परतली, हे सांगायला हवं. बॅनरला तेवढं पुरेसं होतं.

ठाण्यात परत आलो तर टेंभी नाक्यावर फ्लेक्स लागलेला. 'दमावंद सर करणाऱ्या ठाण्याच्या वाघांचं हार्दिक अभिनंदन.' सहाही फोटो. मी वाघीण. सरांचा फोटो आधार कार्डावरचा असावा, ते त्यात सुरक्षित दिसत होते. खाली ज्यांनी फ्लेक्स लावला त्यांचे फोटो आमच्यापेक्षा मोठे.

सत्कार एका हॉलमध्ये होता. शाल, नारळ, रोपटं. मोहन्याहून सरांची बायको आणि मुलगा आले होते, कारखान्यातलेही बरेच आले होते, कारण पुढे जेवण होतं. सर मंचावर चढले, मान डावीकडून उजवीकडे फिरवली, मग बसले. निवेदकाने सांगितलं की ह्या सहा जणांनी माथ्यावर पाय रोवले. टाळ्या पडायच्या आत सर उठले आणि त्यांनी माइक मागून घेतला.

"दुरुस्ती करायची आहे," ते म्हणाले. "मी माथ्यावर गेलेलो नाही."

फ्लेक्सवाले एकमेकांकडे बघायला लागले. मला सरांचा अभिमान वाटला. खोट्या श्रेयात नाव घालून घेणारा माणूस नव्हताच तो.

"माथा दिसत होता," सर म्हणाले. "जवळ होता. पण म्हात्रे मॅडमना तिथे विरळ हवेचा त्रास सुरू झाला. गंधकाच्या वाफेत होत्या. मास्क काढून टाकलेला. खळग्यात बसायला निघालेल्या. आमचं ठरलं होतं, एकाचं डोकं दुसऱ्याकडे. मी त्यांना घेऊन खाली उतरलो. माथा काय, राहतो तिथेच. माणूस महत्त्वाचा."

मंचावर माझ्याशेजारी बसलेला मंदार ताडकन सरळ झाला. "आयला, पण मॅडम, उलटं..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी माझा नारळ त्याच्या मांडीवर ठेवला. जरा जोरात ठेवला.

"राहू दे," मी म्हटलं.

"अहो पण..."

"राहू दे रे."

आणि मग टाळ्या वाजल्या. जेवणासाठी आलेल्या लोकांच्या टाळ्या वेगळ्या असतात, त्या मी ओळखते. ह्या तशा नव्हत्या. कारखान्यातले, त्यांना खतरा म्हणणारे, उभे राहिले. सरांना काय करावं कळेना. त्यांनी माइक निवेदकाला परत दिला, पुन्हा घेतला, "धन्यवाद" म्हणाले, पुन्हा दिला. तिसऱ्या रांगेत त्यांची बायको पदराने डोळे टिपत होती.

त्यानंतर कारखान्यात माझी अवस्था काय झाली ते विचारू नका. कॅन्टीनमधला वाढपी माझ्या ताटात जास्त भात वाढायचा. "खा मॅडम, अशक्तपणा असतो." नव्या कामगारांच्या वर्गात आता वासाच्या वाक्यानंतर माझी गोष्ट यायची. कधी मी तिथून जात असले तर सर मला थांबवून दाखवायचेसुद्धा, जत्रेत दाखवतात तसं. "ह्याच त्या." पण ते माणूस म्हणून न्यायी होते. दर वेळी शेवटी सांगायचे, "मात्र उतरल्या स्वतःच्या पायांनी हां. हिंमत आहे बाईत."

आणि लोक ऐकायला लागले. मास्क नाकावर राहायला लागले. भोंगा वाजला की कप टेबलावर सोडून बाहेर यायला लागले. आजवर जे काही न होण्याच्या बळावर सांगितलं जात होतं, त्याला आता एक झालेली गोष्ट मिळाली होती.

त्यांना खरंच तसं आठवत होतं का? मी पुष्कळ विचार केला. कधी वाटायचं, त्या उंचीवर मेंदूने जे जमेल तसं शिवलं आणि तेच त्यांना खरं वाटलं. कधी, क्वचित, गोष्ट सांगताना खळग्यापाशी आले की ते माझ्याकडे न बघता पुढे जायचे, तेव्हा वाटायचं, नाही, कुठेतरी माहीत आहे. मी कधी विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं? मला माथा थोडाच मिळणार होता.

निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या कारकिर्दीत काही झालं नव्हतं. भाषणात ह्या वेळी तसं म्हटलं गेलं, आणि कौतुकाने म्हटलं गेलं. पुढच्याच वर्षी, घरी, दुपारच्या झोपेत ते गेले. इतक्या निर्धोकपणे माणूस जाऊ शकतो हे त्यांनीही कुणाला शिकवलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी मोहन्याला गेले. वंदना होऊन गेली होती. पांढरे कपडे घातलेली माणसं हळू आवाजात बोलत होती. पुढच्या खोलीत सरांचा फोटो, समोर मेणबत्त्या. बायका आतल्या खोलीत सतरंजीवर बसल्या होत्या. नणंदा, भावजया, शेजारणी, गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या. मी दारात दिसले तशा वहिनी, सरांच्या पत्नी, उठायला लागल्या. मी घाईने जाऊन त्यांना बसवलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सोडलेच नाहीत.

"ह्या त्या," त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. मग माझ्याकडे बघितलं. डोळे सुजलेले, पण नजर सरळ. "तुमच्यासाठीच मागे फिरले ना हो ते? एवढं जवळ आलेलं सोडून?"

खोलीत सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

"हो वहिनी," मी म्हटलं. "ते नसते तर मी आज इथे नसते."

वहिनींनी मान हलवली. त्यांना माहीत होतंच, फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं. भिंतीला टेकून बसलेल्या एका म्हातारीने, सरांची मावशी असावी, पाय आखडून घेतले आणि शेजारची जागा हाताने पुसली. "बस बाई. मला काय कुणी नीट सांगितलं नाय. काय झालं वर? पहिल्यापासून सांग."

मी बसले. कुणीतरी पाण्याचा ग्लास हातात दिला. आणि मी पहिल्यापासून सांगायला लागले, मला कशी चक्कर यायला लागली तिथपासून.